मराठी शुद्धलेखन-तपासणीच्या मुक्त प्रकल्पासाठी गिट होस्टिंग: गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग की स्वतःचा सर्व्हर?

तळटीप

नमस्कार मंडळी,

हनस्पेल या मुक्त शुद्धलेखन-तपासनिसावर चालणारी मराठी शुद्धलेखन-तपासणी आणि ब्राउझरमध्ये मजकूर तपासणारं एक छोटं वेब-ॲप, असं काम आम्ही अकरा जण मिळून करतो आहोत. परवाना जीपीएल. चौघे प्रोग्रामर आहेत, बाकीचे सात भाषेतले: मुद्रितशोधक, मराठीचे प्राध्यापक, एक निवृत्त शिक्षिका. शब्द घालणं, चुकीचे काढणं आणि विभक्तीची रूपं तपासणं हे काम या सात जणांचं. त्यांना कमांड लाइन शिकवायची नाही, एवढं पक्कं आहे.

शब्दसूचीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. ती ईमेलने फिरते आणि कोणाची प्रत ताजी हे कळेनासं झालंय, म्हणून सगळं गिटवर (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर) आणायचं आहे. वेब-ॲपचा कोड एका प्रोग्रामरच्या गिटहबवरच्या वैयक्तिक खात्यात आहे. खर्च महिन्याला ५०० रुपयांपर्यंत चालेल, फुकटात भागलं तर उत्तमच. दोघे जण कॉलेजच्या लॅबमधून काम करतात आणि तिथे पोर्ट २२ (गिटची एसएसएच जोडणी जिथून जाते तो) बंद आहे.

आज जिथे जाऊ तिथून पाच वर्षांनी उठावं लागलं तर काय सोबत येईल आणि काय मागे राहील, हेही जाणून घ्यायचं आहे. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

घाटवाट

तुमच्या रेपोत (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांच्या इतिहासाच्या साठ्यात) बहुतेक बदल भाषेची माणसं करणार. तेव्हा ब्राउझरमधून दुरुस्ती किती सुटसुटीत होते, हा पहिला निकष धरा. या एका मुद्द्यावर मी गिटहब सुचवेन.

फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारली की संपादक उघडतो. लिहिण्याचा अधिकार नसलेल्याने पेन्सिल दाबली तर गिटहब त्याच्या खात्यात आपोआप फोर्क (रेपोची स्वतंत्र प्रत) काढतं, त्यात 'पॅच-१' अशा नावाची ब्रँच (बदलांची वेगळी शाखा) करतं आणि पुल रिक्वेस्टचं (बदल मूळ रेपोत घेण्याच्या विनंतीचं) पान समोर आणून ठेवतं. फोर्क म्हणजे काय हे त्या माणसाला कळायची गरजही पडत नाही. तरीसुद्धा तुमच्या सात जणांना संस्थेच्या खात्यात (प्रकल्पाच्या नावाने गिटहबवर काढायच्या सामाईक खात्यात) 'राइट' अधिकार द्या, म्हणजे सगळ्या ब्रँच एकाच रेपोत राहतील. बाहेरच्या नवख्या माणसाच्या फोर्कवरून आलेल्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर ॲक्शन्सच्या (गिटहबच्या स्वयंचलित कामांच्या सेवेच्या) तपासण्या आपोआप चालत नाहीत, तुमच्यापैकी कुणीतरी मंजुरी द्यावी लागते. घरच्या माणसांना ती अडचण कशाला?

राइट अधिकार दिला की एक धोका येतो. कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, 'थेट मेन ब्रँचवर' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. म्हणून पहिला शब्द आत जाण्यापूर्वी मेन ब्रँचवर नियम लावा: बदल पुल रिक्वेस्टमधूनच येईल, दुसऱ्या एकाची संमती लागेल, तपासणी पास झाल्याशिवाय तो मर्ज होणार (मेनमध्ये मिसळणार) नाही. सार्वजनिक रेपोवर हे सगळं फुकट आहे. खाजगी रेपोला फुकट योजनेत ब्रँचचं संरक्षण मिळत नाही. तुमचा परवाना मुक्तच आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून रेपो सार्वजनिक ठेवा. ॲक्शन्सची मिनिटंही मग मोजावी लागत नाहीत. (खाजगी रेपोसाठी महिन्याला २,००० मिनिटं फुकट असतात, आणि मॅकओएसच्या रनरवर (तपासण्या चालवणाऱ्या यंत्रावर) ती दहापट वेगाने संपतात.)

इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. शब्दसूची बदलली तरच तपासणी चालावी म्हणून वर्कफ्लोला (ॲक्शन्सने काय करायचं हे सांगणाऱ्या फाइलला) फोल्डरची चाळणी लावली आणि तीच तपासणी नियमात सक्तीची केली, तर नुसती 'वाचा-मला' (रीडमी) फाइल बदलणारी पुल रिक्वेस्ट कायमची 'प्रतीक्षेत' राहते. चाळणीमुळे वर्कफ्लो सुरूच झालेला नसतो आणि नियम त्याच्या निकालाची वाट बघत बसतो. तेव्हा चाळणी वर्कफ्लोच्या पातळीवर लावू नका. वर्कफ्लो नेहमी चालू द्या आणि आतल्या जॉबला अट लावा. अट न जुळून वगळलेला जॉब पास धरला जातो.

संस्थेच्या खात्याला दोन मालक हवेतच, तेही वेगवेगळ्या ईमेलचे आणि वेगवेगळ्या शहरांतले. द्विस्तरीय पडताळणीचे पुनर्प्राप्ती-संकेत कागदावर छापून ठेवा. फोन हरवला आणि संकेतही नाहीत, तर एकुलत्या मालकाबरोबर प्रकल्पाचं खातंही जातं.

पोर्ट २२ बंद असलेल्या लॅबसाठी तोडगा सोपा आहे. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबच्या होस्टनावाखाली खरं होस्टनाव 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' आणि पोर्ट ४४३ लिहा. क्लोनचा (रेपो आपल्या यंत्रावर उतरवण्याचा) पत्ता बदलत नाही. गिटलॅब आणि बिटबकेट यांच्याकडेही 'ऑल्टएसएसएच' नावाचा असाच पर्यायी होस्ट ४४३ वर आहे.

---

उंबरठा

घाटवाट यांचं ब्राउझरबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण तळटीप यांचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि निवड त्या टोकापासून करावी असं माझं ठाम मत आहे.

गिटमधलं जे आहे ते तुमचं आहे. कोड, ब्रँच, टॅग आणि सगळा इतिहास क्लोन केलेल्या प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण असतो. इश्यू (नोंदवलेल्या चुका आणि सूचना), पुल रिक्वेस्टवरची चर्चा, लेबलं, कोणाला कुठला अधिकार, सीआयची (स्वयंचलित तपासणीची) गुपितं हे सगळं मात्र त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये राहतं. (विकी याला अपवाद, तो वेगळा गिट रेपोच असतो आणि क्लोन करता येतो.) ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब डॉट कॉमवर जे झालं त्यात हा फरक उघड दिसला. चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. गिट रेपो शाबूत राहिले, गेले ते इश्यू, शेरे आणि खाती. रोजचा बॅकअप आपण घेतोय असं त्यांना वाटत होतं, पण बॅकअपच्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. ते अपयशी होत होतं आणि अपयशाचे ईमेल पोचतच नव्हते. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

संकेतस्थळं बंदही होतात. गूगल कोड बंद करण्याची घोषणा मार्च २०१५ मध्ये झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ते मिटलं. गिटोरियस २०१५ मध्ये गेलं, कोडप्लेक्स २०१७ मध्ये. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअलचा (गिटसारख्याच दुसऱ्या साधनाचा) आधार काढला. आपल्याकडे डिसेंबर २०१४ च्या अखेरीस दूरसंचार विभागाच्या आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यांत गिटहबही होतं.

माझी शिफारस कोडबर्ग. बर्लिनमध्ये नोंदणी झालेली ही ना-नफा संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालते. तिथे चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे फॉर्जेजो. २०२२ च्या शेवटी ते गिटी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं आणि ते स्वतः मुक्त आहे. म्हणजे उद्या कोडबर्ग सोडावं लागलं तर तेच सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर उभं करता येतं. गिटहबच्या बाबतीत ही वाट नाही. झिग या प्रोग्रामिंगच्या भाषेचा प्रकल्प २०२५ मध्ये गिटहबवरून कोडबर्गवर गेला, तेव्हा हे काही चार हौशी लोकांचं ठिकाण राहिलेलं नाही.

अटी मात्र नीट वाचा. रेपो मुक्त परवान्याचाच हवा, खाजगी रेपोंना अगदी थोडी जागा मिळते, आणि सीआय गिटहबइतकं मोकळ्या हाताने मिळत नाही. फॉर्जेजो ॲक्शन्सची फाइल गिटहबच्या फाइलसारखीच दिसते, फॉर्जेजोचा स्वतःचा वर्कफ्लो-फोल्डर नसेल तर गिटहबचाही वाचला जातो. पण बाहेरची ॲक्शन नुसत्या छोट्या नावाने लिहिली तर ती गिटहबवरून येत नाही, फॉर्जेजोच्या स्वतःच्या साठ्यात शोधली जाते. तिथे नसेल तर जॉब पहिल्याच पायरीवर कोसळतो. अशा ठिकाणी पूर्ण पत्ता लिहायचा.

भाषेच्या माणसांसाठी कोडबर्गचा आणखी एक फायदा म्हणजे तिथे वेबलेट हे ब्राउझरमधून भाषांतर करण्याचं साधनही आहे. वेब-ॲपच्या बटणांची, सूचनांची भाषांतरं त्यातून होतील. लिबरऑफिसचं भाषांतरही वेबलेटवरच चालतं. वेबलेट जोडलंत की दोन पथ्यं पाळायची. भाषांतराच्या फाइली रेपोत हाताने बदलायच्या नाहीत, आणि वेबलेटची पुल रिक्वेस्ट 'स्क्वॉश' करून (सगळे कमिट एकात मिळवून) मर्ज करायची नाही. स्क्वॉश केल्यावर त्याच बदलाचा वेगळाच कमिट तयार होतो. वेबलेटच्या प्रतीत जुने कमिट तसेच उरतात आणि पुढच्या वेळी आपलेच बदल आपल्याशी भांडतात.

बिटबकेटचा विचार करू नका, फुकट योजनेत पाचच जण बसतात. गिटलॅब डॉट कॉमवर खाजगी गटाला पाच जणांची मर्यादा आहे, सार्वजनिकला नाही. सीआयची ४०० मिनिटं मिळतात, पण 'संमतीशिवाय मर्ज नाही' हा नियम सक्तीचा करणं तिथे पैशाच्या योजनेत येतं. तुमच्यासाठी ते एकच कारण पुरेसं आहे.

---

तळटीप

दोघांचेही मनापासून आभार. दोन उपप्रश्न. एक, महिन्याला ५०० रुपयांत स्वतःचा सर्व्हर घेऊन त्यावर फॉर्जेजो किंवा गिटलॅब टाकणं कितपत शहाणपणाचं? दोन, एका प्राध्यापकांनी गिटहबचा डेस्कटॉप प्रोग्राम न वापरता गिटने पुश करून (बदल वर पाठवून) बघितलं. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला.

---

रात्रपाळी

पासवर्डचं आधी. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब पुशसाठी खात्याचा पासवर्ड घेत नाही. त्या जागी वैयक्तिक टोकन द्यायचं. ते बनवताना फक्त हा एक रेपो आणि 'कंटेंट्स' या गटातला वाचण्या-लिहिण्याचा अधिकार निवडा, मुदत ९० दिवस ठेवा. विंडोजवर जुना पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेला असतो आणि गिट न विचारता तोच पाठवत राहतं. आधी तिथली नोंद पुसा, नाहीतर टोकन टाकायची वेळच येत नाही.

आता सर्व्हर. ५०० रुपयांत साधारण १ जीबी रॅमचा सर्व्हर येतो. गिटलॅब त्यावर विसरा, त्याला ८ जीबी धरून चालावं. फॉर्जेजो मात्र गो भाषेतला एकच प्रोग्राम आहे, एसक्यूलाइट डेटाबेसवर अकरा माणसांना १ जीबीत आरामात पुरतो. त्याच सर्व्हरवर सीआयचा रनर चालवू नका. वेब-ॲपचं बिल्ड सुरू झालं की रॅम संपते, कर्नल सगळ्यांत मोठी प्रोसेस मारतो आणि ती बहुधा फॉर्जेजोच असते.

बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे, त्रास पुढे सुरू होतो. एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर पुढे लावलात तर एका विनंतीत डीफॉल्टने १ एमबीपर्यंतच मजकूर चालतो. एचटीटीपीएसवरून मोठा पुश केला की ४१३ क्रमांकाची चूक येते आणि दोष गिटचा वाटतो. ती मर्यादा ५१२ एमबी करा. फॉर्जेजो कंटेनरमध्ये असेल तर सर्व्हरचं स्वतःचं एसएसएच २२ वर आणि गिटचं २२२२ वर जातं. तुमच्या लॅबमध्ये २२च बंद आहे, २२२२ तर नक्कीच चालणार नाही, म्हणजे त्या दोघांना एचटीटीपीएस आणि टोकन यावरच राहावं लागेल. बाहेर जाणारं पोर्ट २५ बहुतेक क्लाउडवाले बंद ठेवतात, त्यामुळे सूचनांचे ईमेल जात नाहीत. एखादी एसएमटीपी सेवा ५८७ वर जोडावी लागते. खुली नोंदणी ठेवलीत तर काही दिवसांत जाहिरातबाज खात्यांनी यादी भरते, ती पहिल्याच दिवशी बंद करा.

सध्याचा सगळ्यांत मोठा त्रास म्हणजे मजकूर ओरबाडणारे बॉट. ते प्रत्येक कमिटचं पान, प्रत्येक ओळीचा इतिहास आणि प्रत्येक कमिटचं झिप मागतात. झिप मागितलं की फॉर्जेजो ते बनवून डिस्कवर ठेवतं. साठ्याची सफाई ठरावीक वेळाने होते, तोवर २५ जीबीची डिस्क भरते, आणि डिस्क भरली की एसक्यूलाइट लिहिणं थांबवतं. तेव्हा झिप डाउनलोड बंद करा, आणि पुढे अनुबिससारखी, बॉट अडवणारी चाळणी बसवा. नोम या लिनक्स-डेस्कटॉप प्रकल्पाच्या गिटलॅबलाही ती बसवावी लागली आहे.

गिटलॅबच घ्यायचं ठरलंच, मोठ्या सर्व्हरवर, तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. त्याच्या बॅकअपच्या आज्ञेत कॉन्फिगरेशनची फाइल आणि गुपितांची जेसॉन फाइल येत नाही. त्या दोन्ही वेगळ्या उचलाव्या लागतात. गुपितांची फाइल नसेल तर डेटाबेस परत येतो, पण त्यातले सीआयचे गुप्त चल आणि द्विस्तरीय पडताळणीचा तपशील उलगडत नाही. शिवाय बॅकअप ज्या आवृत्तीचा, नेमक्या त्याच आवृत्तीवर तो परत चढतो.

माझा सल्ला: सर्व्हरची जबाबदारी घेणारी दोन माणसं, सुट्टीच्या दिवशीही, नावानिशी ठरली नसतील तर स्वतःचा सर्व्हर घेऊ नका. ते ५०० रुपये कोडबर्गच्या वर्गणीत किंवा स्वतःच्या डोमेनच्या नावात घाला. वेब-ॲपचा पत्ता पहिल्यापासून स्वतःच्या डोमेनवर ठेवलात तर होस्टिंग बदललं तरी वापरणाऱ्याला पत्ता बदलावा लागत नाही.

---

मुळाक्षर

होस्टिंग कुठलंही घ्या, शब्दसूचीची रचना आधी बदला. नाहीतर कुठेही गेलात तरी रोज मर्जची भांडणं (एकाच ओळीवरचे न जुळणारे बदल) सोडवत बसाल.

हनस्पेलच्या डिक फाइलच्या (शब्दसूचीच्या फाइलच्या) पहिल्या ओळीत शब्दांची संख्या असते. दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर एकेक शब्द घातला आणि दोघांनीही ती ओळ वाढवली, तर ६०,००० च्या जागी दोन्हीकडे ६०,००१ होतं. गिटला दोन्हीकडचा बदल तंतोतंत सारखा दिसतो, ते मुकाट्याने मर्ज करतं, आणि खरी संख्या असते ६०,००२. एकाने दोन शब्द घातले तर मात्र आकडे वेगळे होतात आणि भांडण उभं राहतं. संख्या थोडी चुकली तर हनस्पेलचं अडत नाही, पण दर पुल रिक्वेस्टला पहिल्या ओळीवर भांडण आलं तर तुमच्या शिक्षिकाबाई दुसऱ्याच दिवशी कंटाळतील.

काही जण यावर गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये 'युनियन' मर्ज सुचवतात, म्हणजे दोन्हीकडच्या ओळी ठेवायच्या. शब्दांच्या ओळींना ते ठीक आहे. पहिल्या ओळीला लावलंत तर दोन्ही आकडे राहतात आणि दुसरा आकडा हनस्पेल शब्द म्हणून वाचतं. शिवाय एकाने काढलेला शब्द युनियनमध्ये परत उगवू शकतो. आणि वेबवरच्या मर्जच्या बटणाने युनियन पाळलंच, असं धरून चालू नका.

म्हणून डिक फाइल रेपोत ठेवूच नका. एका ओळीत एक शब्द अशा साध्या फाइली ठेवा, अक्षरागणिक एक: 'अ', 'आ', 'क', 'ख'. डिक फाइल बिल्डमध्ये तयार होऊ द्या, संख्या तिथेच मोजली जाईल. याचा आणखी एक फायदा आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. सात चिन्हांचा शब्द धरला तर ओळ २२ बाइटची, साठ हजारांची फाइल तेरा लाख बाइटांच्या वर. ब्राउझरमधल्या संपादकात ती अडखळत उघडते आणि लॅबच्या जुन्या संगणकावर तर टंकलेलं अक्षर उशिरा उमटतं. पन्नासेक तुकड्यांत हा प्रश्न राहत नाही.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवणार असाल तर प्रत्येक प्रोग्रामरने गिटची 'कोअर कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करावी. नाहीतर स्टेटसमध्ये 'म' च्या जागी उलट्या तिरक्या रेघांसह ३४०, २४४, २५६ असे अष्टमान आकडे दिसतात.

क्रमवारीसाठी सॉर्ट ही आज्ञा 'एलसी-ऑल बरोबर सी' लावूनच चालवा. मराठी लोकेलने (यंत्राच्या भाषा-सेटिंगने) लावलेला क्रम यंत्रागणिक बदलू शकतो, कारण लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत (२०१८) क्रमाचे नियम बदलले. एकाने नव्या यंत्रावर सॉर्ट केलं की निम्मी फाइल बदललेली दिसते. 'सी' मध्ये क्रम शब्दकोशासारखा नसतो, पण सगळीकडे सारखा असतो. इथे आपल्याला तेवढंच हवं आहे.

आता खरं दुखणं. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत 'ऱ' (यू+०९३१), हलन्त, 'य'. दुसरीत साधा 'र' (यू+०९३०), हलन्त, न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे (यू+२००डी), मग 'य'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. तपासणीसाठी दोन वेगळे शब्द. एका कळफलकावरून पहिला येतो, दुसऱ्यावरून दुसरा, आणि सूचीत एकच असेल तर बरोबर लिहिणाऱ्याच्या शब्दाखाली लाल रेघ येते. जोडक नुसता पुसून टाकला तर 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. डोंगरातली जागा समुद्रात जाते. 'आचाऱ्यांना' चा 'आचार्यांना' होतो.

'ॲ' चंही तसंच. एकसंध 'ॲ' (यू+०९७२) आणि 'अ' वर अर्धचंद्र (यू+०९०५, यू+०९४५) हे युनिकोडच्या दृष्टीने समान नाहीत, त्यामुळे एनएफसी सामान्यीकरण (समान अक्षरांची वेगवेगळी रूपं एकाच रूपात आणणं) त्यांना एकत्र आणत नाही. 'र' अधिक नुक्ता यांचा 'ऱ' एनएफसी करतं, पण जोडकवाली तऱ्हा तिच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणजे एनएफसी चालवून वर स्वतःचे दोन नियम लागतात: 'र', हलन्त, जोडक या तिघांच्या जागी 'ऱ', हलन्त, आणि 'अ', अर्धचंद्र यांच्या जागी 'ॲ'.

हे नियम प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ठेवून भागत नाही. हुक आपल्या यंत्रावर चालतो. ब्राउझरमधून पेन्सिलने केलेल्या बदलावर तो चालतच नाही, आणि तुमचे सात जण तिथूनच काम करणार. तपासणी सीआयमध्येच हवी, आणि तिने नुसतं लाल होऊन थांबू नये. 'क या फाइलच्या ४१२ व्या ओळीत न दिसणारा जोडक आहे, हा शब्द असा लिहा' असं मराठीत सांगावं, खाली बरोबर शब्द नक्कल करण्यासाठी द्यावा. गिटहबवर लपलेल्या दिशादर्शक चिन्हांची सूचना येते, पण ती अरबी-हिब्रूसारख्या उलट दिशेच्या मजकुरासाठी. आपल्या जोडकाबद्दल ती काही बोलत नाही.

सगळी तपासणी एका पायथन फाइलमध्ये लिहा. वर्कफ्लोच्या फाइलमध्ये तिला हाक मारणारी एकच ओळ ठेवा. मग गिटहब, फॉर्जेजो, गिटलॅब, कुठेही गेलात तरी तेवढी एक ओळ बदलायची.

---

उंबरठा

मुळाक्षर यांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. तपासणी एका पायथन फाइलमध्ये असेल तर आज गिटहबवर असलात तरी तुम्ही अडकत नाही. तळटीप, सात जणांची सोय आणि सीआय बघता गिटहबवर मुख्य घर ठेवा, पण कोडबर्गवर एक प्रत राहू द्या, आणि इश्यूंचा मजकूर आठवड्यातून एकदा गिटहबच्या एपीआयमधून जेसॉनमध्ये उतरवून वेगळ्या रेपोत ठेवा.

एवढंच सांभाळा की मिरर (मूळ रेपोबरोबर बदलत राहणारी प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे. छाटणीसह अद्ययावत होणाऱ्या मिररमध्ये मूळ ठिकाणी पुसलेली ब्रँच इथेही पुसली जाते. दर महिन्याला 'गिट बंडल' ने सगळे संदर्भ (ब्रँच, टॅग वगैरे) एका फाइलमध्ये बांधा, त्याच आज्ञेच्या 'व्हेरिफाय' ने तपासा, आणि तारखेच्या नावाने दोन वेगळ्या घरांतल्या डिस्कवर ठेवा. मोठ्या फाइलींसाठी गिटची एलएफएस ही सोय वापरत असाल तर बंडलमध्ये नुसत्या चिठ्ठ्या येतात, माल येत नाही. तो 'एलएफएस फेच' ला 'ऑल' लावून वेगळा आणावा लागतो.

---

तळटीप

सगळ्यांशी बोललो. गिटहबवर संस्थेचं खाते, दोन मालक, कोडबर्गवर प्रत असं ठरलं. शब्दसूचीचे ५१ तुकडे आज केले.

एक अडचण आली. वेब-ॲपचा जुना रेपो मिरर क्लोन करून संस्थेच्या नव्या रेपोत मिरर पुश केला. 'लपलेला संदर्भ बदलण्यास मनाई' अशा अर्थाच्या चौदा ओळी आल्या आणि पुश अयशस्वी झाल्याचं दिसतंय. जुन्या रेपोत चौदाच पुल रिक्वेस्ट होत्या.

---

घाटवाट

त्या चौदा ओळी त्या चौदा पुल रिक्वेस्टच्याच. मिरर क्लोन सगळे संदर्भ उचलतो, त्यांत गिटहबने स्वतःपुरते ठेवलेले पुल रिक्वेस्टचे संदर्भही येतात. ते तुम्ही लिहिलेले गिटहबला चालत नाहीत. ब्रँच आणि टॅग बहुधा पोचले आहेत, नव्या रेपोत बघा. फक्त तेवढेच पाठवायचे असते तर पुशमध्ये हेड्स आणि टॅग्स या दोनच गटांची नावं दिली असती तरी काम झालं असतं.

पण तुमच्या बाबतीत हा मार्गच सोडा. अशा पुशने चौदा पुल रिक्वेस्टवरची चर्चा आणि इश्यू येत नाहीत. संस्थेतला नवा रेपो पुसून टाका, कारण तिथे त्याच नावाचा रेपो असेल तर पुढची पायरी अडते. मग जुन्या रेपोच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत खाली, धोक्याच्या भागात 'मालकी हस्तांतर' आहे. ते संस्थेच्या नावावर करा. हे मूळ मालकाच्या खात्यातूनच करावं लागतं, आणि संस्थेत रेपो काढण्याचा अधिकार त्यांना हवा. इश्यू, पुल रिक्वेस्ट, शेरे, तारे, सगळं सोबत येतं आणि जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो.

हस्तांतर झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या क्लोनमध्ये 'रिमोट सेट-यूआरएल' ने नवा पत्ता घालून घ्या, वळणावर विसंबून राहू नका. आणि जुन्या खात्यावर त्याच नावाचा नवा रेपो पुन्हा कधी काढू नका. तो काढला की वळण तुटतं, आणि जुन्या पत्त्यावरून क्लोन करणाऱ्याला तो भलताच रेपो मिळतो.